आईच्या डिप्रेशनसाठी मसाजचं पॅकेज घ्यावं का?

कर्वेनगरची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतीये, धागा पहिल्यांदाच काढतीये, विभाग चुकला असेल तर अॅडमिननी हलवावा.

आई ६४ वर्षांची, बँकेतून रिटायर झालेली. बाबा गेल्यानंतर तिचं एकेक सुटत गेलं, म्हणजे आधी भिशी बंद, मग सकाळी कॅनॉल रोडला फिरायला जाणं बंद, मग पेपरातलं शब्दकोडं बंद. कोडं बंद झालं तेव्हा मला खरं टेन्शन आलं कारण ही बाई अंगात ताप असताना सुद्धा पेन शोधायची. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी१२, डी३ सगळं करून घेतलं, बी१२ कमी निघालं त्याची इंजेक्शनं झाली तरी फार फरक नाही म्हणून त्यांनीच सायकिअॅट्रिस्टकडे पाठवलं. मॉडरेट डिप्रेशन सांगितलंय, गोळी चालू आहे, झोप सुधारलीये आणि रडणं बरंच कमी झालंय. पण दिवसभर पलंगावर पडून असते आणि सारखं अंग दुखतं म्हणते, मान, खांदे, पिंढऱ्या. काउन्सेलिंगला नेलं होतं तर "त्या एवढ्याशा पोरीला मी काय सांगू" म्हणून तेही सोडलं.

आता मूळ प्रश्न. सोसायटीतल्या काकूंनी एका वेलनेस सेंटरचं नाव सुचवलं (नाव लिहीत नाही) म्हणून मी बघायला गेले. त्यांनी २१ सिटिंगचं पॅकेज सांगितलं, ३२ हजार रुपये, आणि हातात एक पत्रक दिलं. त्यात छापलंय की मसाजने सेरोटोनिन २८ टक्के वाढतं, डोपामाइन ३१ टक्के वाढतं (ही मूडशी संबंधित रसायनं) आणि कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, ३१ टक्के कमी होतं. वर तिथल्या मॅडम म्हणाल्या की तीन महिन्यात गोळी सुटेल. मी भारावून २ हजार टोकन भरून आले आणि घरी आल्यावर विचार करतीये.

मसाजने डिप्रेशनमध्ये खरंच काही होतं का? ते आकडे खरे आहेत का? आणि कुणी घरच्यांसाठी करून बघितलंय का?

पेठेतला_बाळ्या

गोळी सुटेल असं म्हणणाऱ्या मॅडमची डिग्री काय ते आधी विचारा. रिसेप्शनवर बसून दुसऱ्याच्या गोळ्या बंद करायचा अधिकार पुण्यात हल्ली कुणालाही मिळतो.

गोळीच्या जागी मसाज म्हणजे दुधाची तहान ताकावर, आणि ताकाचे ३२ हजार! आमच्याकडे तालमीसमोर एक मालिशवाले आहेत, ते अंगातली रग काढतात, मनातलं काढतो असं त्यांनी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. प्रामाणिक माणूस.

हाडाचा_फिजिओ

बाळ्याशेठ तिखट बोलतात पण गोळीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सायकिअॅट्रिस्ट नाही, त्यामुळे गोळीबद्दल एवढंच बोलतो की ती कमी करायची, वाढवायची, बंद करायची हे ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारायचं. या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायलाच काही आठवडे जातात आणि बरं वाटतंय म्हणून एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थपणा, झोप उडणं असले प्रकार होतात, आजार उलटतो ते वेगळंच.

आता पत्रकातले आकडे. ते त्या सेंटरने मनाचे छापलेले नाहीत. अमेरिकेत मायामी विद्यापीठात टच रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून आहे, टिफनी फील्ड यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली, त्यांच्या २००५ च्या आढाव्यातले आकडे आहेत आणि जगभरच्या स्पावाल्यांच्या पत्रकात तेच फिरत असतात. भानगड अशी आहे की त्यातलं सेरोटोनिन आणि डोपामाइन हे लघवीत मोजलेलं. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, तेव्हा लघवीत वाढलं म्हणून डोक्यात वाढलं असं म्हणायची सोय नाही. कॉर्टिसॉलचं तर २०११ मध्ये मोयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास गोळा करून पुन्हा गणित मांडलं, परिणाम निघाला अगदी किरकोळ, बऱ्याच ठिकाणी शून्याच्या जवळ.

एवढं वाचून मसाज म्हणजे थोतांड असं ठरवू नका मात्र. याच मोयरनी २००४ मध्ये ३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. त्यात एकदा मसाज केल्यावर त्या वेळची घालमेल, बीपी, हार्टरेट कमी झाले पण एका वेळेत मूड काही फारसा सुधारला नाही. मात्र ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा केलेल्या मसाजने डिप्रेशन आणि कायमची चिंता यांच्यावर चांगला परिणाम दिसला, साधारण सायकोथेरपीने जेवढा दिसतो तेवढा. मग २०१० मध्ये तैवानच्या लोकांनी १७ अभ्यास, सगळी मिळून ७८६ माणसं, असं एकत्र केलं, त्यांनाही डिप्रेशनची लक्षणं कमी झालेली दिसली. म्हणजे फरक पडतो, फक्त तो पत्रकातल्या कारणाने पडतो असं नाही.

आता यातली गोम पण सांगतो. मसाजच्या अभ्यासात खोटी गोळी देता येत नाही, अंगाला हात लागलाय की नाही हे पेशंटला कळतंच. शिवाय बरेच अभ्यास छोटे, थोड्या आठवड्यांचे, आणि त्यातले कित्येक जण गरोदर बायका किंवा कॅन्सर नाहीतर दुखण्याचे पेशंट. तुमच्या आईसारख्या, रीतसर निदान झालेल्या डिप्रेशनवरचे अभ्यास मोजके. म्हणून मी "चालू उपचाराला जोड" एवढंच म्हणेन.

मग काम कशामुळे करतो? स्पर्शाच्या काही नसा फक्त हळू, उबदार हाताला चांगला प्रतिसाद देतात, सी-टॅक्टाइल म्हणतात त्यांना, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या गतीने हात फिरला की त्या जाग्या होतात. दंडावर, पाठीवर, जिथे लव असते तिथे त्या असतात. कुठे काय टोचलं हे सांगणं त्यांचं काम नाही, स्पर्श सुखाचा आहे की नाही हे मेंदूच्या ज्या भागाला कळतं तिकडे त्यांचा निरोप जातो. आपण लहान पोराच्या पाठीवरून हात फिरवतो तो न शिकवता याच गतीने फिरवतो. बाकी दुखणं कमी झालं की झोप लागते, झोप लागली की माणूस उठून बसतो, हा साधा हिशेब आहेच. अंगदुखी हा सुद्धा डिप्रेशनचाच भाग असतो पुष्कळदा, आपल्याकडे तर पेशंट मन उदास आहे असं न सांगता पाठ दुखते म्हणूनच येतात.

ताई, तुम्ही पिंढऱ्या लिहिलंत म्हणून मुद्दाम सांगतो. एकच पिंढरी सुजली असेल, गरम लागत असेल, दाबल्यावर जास्त दुखत असेल तर मालिश अजिबात नाही, आधी डॉक्टर, कारण शिरेत गुठळी असू शकते. रक्त पातळ करायची गोळी असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर जोर लावून दाबणं, पाठीवर गुडघा ठेवणं, मान कट्‌कन मोडणं हे प्रकार नकोत. चौसष्टीच्या बाईच्या मानेला झटका देणारा माणूस दिसला तर चपला घालायच्या आणि घरी यायचं.

हिंजवडी_फेज३

फिजिओ साहेब, वाखु (वाचनखूण) साठवली.

माझा अनुभव देतो, पेशंट मीच होतो. लॉकडाऊननंतर डिप्रेशन आलं, गोळी आणि थेरपी दोन्ही घेतलं, अजून कमी डोसवर आहे आणि त्यात लाज वगैरे काही नाही. त्या काळात बायकोने मागे लागून दर शनिवारी मालिशला पाठवलं, स्पा वगैरे नाही, साधा लाकडी बाकडं आणि सरकीच्या तेलाच्या वासाचा प्रकार. पहिले काही शनिवार काही म्हणजे काही वाटलं नाही, उलट वैताग, कारण मालिशवाला पूर्ण वेळ महापालिकेच्या राजकारणावर बोलायचा आणि मी पालथा पडलेला, उत्तर तरी काय देणार. शेवटी धीर करून म्हटलं दादा जरा शांत. तो खरंच गप्प झाला आणि मग त्या तासात मला कळायला लागलं की मी दिवसभर खांदे कानापर्यंत ओढून बसतो, दात आवळून. तोवर मी दुखण्याला लॅपटॉपच्या नावाने बिल फाडत होतो.

थेरपिस्टला सांगितलं तर ती म्हणाली चालू ठेवा, पण तिचं म्हणणं असं की निम्मा फायदा मालिशचा आणि निम्मा शनिवारचा. म्हणजे ठरलेल्या वेळी अंघोळ करून, कपडे घालून, गाडी काढून घराबाहेर पडणं, कुणीतरी आपली वाट बघतंय म्हणून. मन तयार व्हायची वाट न बघता आधी कृती करायची अशी ती थेरपीतलीच पद्धत आहे म्हणे. मला पटलं कारण एकदा त्याला घरी बोलावलं तर ती मजा आली नाही.

म्हणून कर्वेनगर ताई, पॅकेज घेण्यापेक्षा आई स्वतः उठून जाईल अशी जवळची जागा बघा. आणि एकेका वेळेचे पैसे द्या.

पेठेतला_बाळ्या

म्हणजे माणसाने माणसाकडे तासभर लक्ष दिलं की बरं वाटतं, एवढंच ना? मग त्याला मसाज थेरपी कशाला म्हणायचं, आईला शेजारच्या काकूंकडे चहाला पाठवा.

हाडाचा_फिजिओ

चहाला जाते का ती? भिशी पण सोडलीये, वाचलंत ना वर. बोलायची ताकद नसते तेव्हा न बोलता जवळ कुणी असणं झेपतं, हा फायदा चहात नाही. काउन्सेलिंग नको म्हणणाऱ्या माणसालाही पाय दाबून दिलेले चालतात. आणि लक्ष दिल्याचा वाटा मोठा असेल तर असू दे की, पेशंटला फरक पडल्याशी मतलब. फक्त त्याचे ३२ हजार घेऊ नयेत, तिथे मी तुमच्या बाजूने.

सदाशिवची_सून

माझं थोडं वेगळं, बाळंतपणातलं आहे, पण इथे लिहावंसं वाटतंय.

मुलगी झाली तेव्हा माहेरी आले होते, रोज सकाळी मालिशवाल्या मावशी यायच्या, आधी बाळाला मग मला, मग शेक, धुरी सगळं साग्रसंगीत. घरात पाहुण्यांची रीघ आणि सगळे बाळ बघणार, डिंकाचे लाडू देणार आणि जाणार. मी हसत होते त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मावशींना कळलं. त्या पाठीला तेल लावता लावता रोज काहीतरी विचारायच्या, रात्री किती वेळा उठलीस, दूध पुरतं का, आणि एक दिवस स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाल्या, "वहिनी, पोरीचं अंग सैल पडत नाही हो, पहिल्या दिवशी जसं होतं तसंच दगड आहे, आणि ती बाळाकडे बघत नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवा." आईला आधी राग आला मग तिने दाखवलं. गायनॅकनी दहा प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, एडिनबर्ग स्केल म्हणतात, आणि पुढे पाठवलं. पोस्टपार्टम डिप्रेशन निघालं.

नंतर ज्या डॉक्टरांकडे जात होते त्यांनी मला सांगितलं की मावशींकडून बाळाची मालिश शिकून घे आणि तूच कर. त्यांनी लंडनचा २००१ चा एक छोटा अभ्यास सांगितला होता, त्यात डिप्रेशन असलेल्या आयांना बाळाचा मसाज शिकवल्यावर आई-बाळाचं एकमेकांशी वागणं सुधारलं आणि आयांचं डिप्रेशनही कमी झालं. मला मालिश करून घेण्यापेक्षा मालिश करण्याचा उपयोग जास्त झाला. बाळाच्या पोटावर हात फिरवताना ती पाय झाडायची आणि माझ्याकडे एकटक बघायची, मग मला बघावंच लागायचं.

तर ताई, आईला कुणाच्या तरी अंगाला तेल लावू द्या असं सुचवेन. नातवंड आहे का घरात?

निवृत्त_शिक्षिका

सूनबाईंचं वाचून फार बरं वाटलं. त्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

बाळा, मी तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून सांगते. आमच्या पिढीच्या बायकांना परक्या ठिकाणी कपडे उतरवून टेबलावर झोपायला फार संकोच वाटतो, तिला तू विचारलंस का ग? सगळ्या धाग्यात तिला काय हवंय ते कुठे दिसलं नाही. स्पर्श नको असेल तर जबरदस्ती नको, काहींना त्याचा त्रासच होतो.

घरी काशाची वाटी असेल तर तळपायापासून सुरुवात कर. रात्री जेवणानंतर तासाभराने, तिला खुर्चीत बसव, पाय तुझ्या मांडीवर जुन्या टॉवेलवर घे. तळव्याला बोटभर साजूक तूप लाव आणि वाटीचा बूड टाचेपासून बोटांकडे आणि परत असा गोल गोल फिरव, जोर नको, वाटीचं वजन पुरतं. एका पायाला दहा मिनिटं. तूप सुकलं की वाटी अडकायला लागते तेव्हा परत टेकवायचं. टीव्ही बंद ठेव, बोलायचं तर बोल नाहीतर नको. मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पाय स्वच्छ पूस, विशेषतः बोटांच्या बेचक्या. तूप राहिलेल्या पायाने आई रात्री बाथरूमला उठली आणि फरशीवर घसरली तर मसाज राहील बाजूला आणि हाडाचा डॉक्टर शोधावा लागेल. आमच्या इमारतीत झालंय हे.

आयुर्वेदात पादाभ्यंग आणि शिरोभ्यंग, म्हणजे पायाला आणि डोक्याला तेल चोळणं, सांगितलंच आहे. शिरोधारा (कपाळावर तेलाची धार धरतात ती) वगैरे करायचं असेल तर मात्र वैद्यांना दाखवून, स्पामध्ये नाही. वैद्यांना चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवायची आणि सायकिअॅट्रिस्टना वैद्यांकडे जातोय हे सांगायचं.

पेठेतला_बाळ्या

बाईंना साष्टांग. फक्त एक, वाटी फिरवल्यावर तळवा काळा होतो ती "शरीरातली उष्णता" नाही, तूप आणि धातू एकमेकांवर घासून निघालेलं ते काळं आहे. उष्णता निघाली म्हणून फोटो टाकू नका.

निवृत्त_शिक्षिका

ते मला माहीत आहे. मी विज्ञान शिकवत होते.

कर्वेनगरची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, एवढे रिप्लाय येतील असं वाटलं नव्हतं.

शिक्षिका बाई, तुम्ही म्हणालात तसं काल आईला सरळ विचारलं. सेंटर म्हटल्यावर "मी नाही कुणासमोर उघडी पडणार" हे एका सेकंदात आलं, म्हणजे तो विषय संपला. पाय चालतील म्हणाली. काशाची वाटी आजीची होती, माळ्यावर सापडली, रात्री बसलो. पंधरा एक मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली डावीकडे जास्त दे. मग म्हणाली तुझे हात बाबांसारखे खरखरीत आहेत, क्रीम लाव. हे तिने गेल्या कित्येक महिन्यात माझ्याबद्दल केलेलं पहिलं विधान आहे, बाकी सगळं "हो", "नको" आणि "राहू दे".

पिंढऱ्या बघितल्या, दोन्ही सारख्याच आहेत, सूज नाही. रक्त पातळ करायची गोळी नाही. डेन्सिटोमेट्री (हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी) करायची राहिलीये ती करून घेते.

एक विचारायचं होतं. मध्येच ती "आता कशाला एवढं करतेस, माझं झालंय सगळं" असं म्हणते. हे किती सिरीयसली घ्यायचं?

हाडाचा_फिजिओ

पूर्ण सिरीयसली. आजच सायकिअॅट्रिस्टना फोन करून हेच वाक्य जसंच्या तसं सांगा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आईलाही सरळ विचारा की जगू नये असं वाटतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तिने हो म्हटलं, किंवा काही करायचं ठरवल्यासारखं वाटलं, तर एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या तुमच्या ताब्यात घ्यायच्या आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं. रात्री-अपरात्री डॉक्टर मिळाले नाहीत तर १४४१६ ला फोन करा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. तुम्ही स्वतःसाठी पण करू शकता, सांभाळणाऱ्याचं कुणी विचारत नाही.

कर्वेनगरची_लेक

केला फोन. उद्या सकाळची वेळ दिलीये. आईला पण विचारलं, "मरायचं नाहीये ग, कंटाळा आलाय" म्हणाली आणि मग बराच वेळ बाबांबद्दल बोलली. तेही डॉक्टरांना सांगते.

सूनबाई, घरात नातवंड नाही, पण भावाचा मुलगा नववीत आहे आणि फुटबॉल खेळून पाय मोडून घेतल्यासारखा येतो, त्याला रविवारी आजीकडून तेल लावून घ्यायला बोलावलंय. तो तयार आहे, त्याची अट आहे की आजीने थालीपीठ पण करावं. आई म्हणाली बघू.

बाकी सेंटरला फोन केला होता, टोकन परत मिळत नाही, त्याऐवजी फेशियल घ्या म्हणतायत.

पेठेतला_बाळ्या

पावती आहे का? त्यावर "नॉन रिफंडेबल" लिहिलंय का बघा. नसेल तर लेखी अर्ज द्या, तारीख घालून, पोच घ्या. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. अर्जाचा मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडे तयार असतात.